अनोळखी गृहस्थ

जगात खरा जादूगार एकच झाला आणि तो आमच्या शेजारी राहतो, असं मी गेली तीस वर्षं भेटेल त्याला सांगत आलो आहे. आमचे शेजारचे चाचा एरवी सायकली दुरुस्त करत आणि मावळातल्या झाडून साऱ्या उरुसांत, जत्रांत जादूचे प्रयोग लावत. फलकावर ‘देशोदेशी गाजलेले’ असं लिहिलेलं असे. प्रत्यक्षात खंडाळ्याचा घाट ते एकदाच उतरले होते, तेही मेहुण्याच्या लग्नाला. मी हे काढलं की म्हणत, "तितं दोन खेळ केलं न्हवं का? झालं की परदेश." त्यांचा मखमली झगा म्हणजे चाचींचा जुना पडदा. त्याच्या कड्या काढायच्या राहून गेल्याने चाचांच्या आधी त्यांचा खुळखुळाट मंचावर येई.

या थोर कलेत माझाही वाटा होता. प्रेक्षकांतून वर बोलावला जाणारा ‘अनोळखी गृहस्थ’ मीच. घोरावाडी स्टेशनच्या खिडकीतून ज्यांना मी रोज तिकिटं दिली, त्यांच्यादेखत चाचा मला "पाहुणे, गाव कोणतं आपलं?" असं विचारत आणि मी बेधडक "नागपूर" म्हणून सांगे. मग ते माझं घड्याळ खलबत्त्यात कुटत. कुटलं जाई ते भंगारातलं. माझं त्यांच्या बाहीत शिरे आणि शेवटी टेबलावरच्या पावातून निघे. तेव्हा चकित व्हायचं काम माझ्याकडे होतं. त्याची मी आरशासमोर तालीम करायचो. "दाढ दुखतेय का?" असं बायकोने एकदा काळजीने विचारलं. तरी लोक माझ्या अभिनयाला पुरते फसतात, याविषयी मला कधी शंका आली नाही.

यंदा वडिवळ्याच्या जत्रेत शेवटचा खेळ करायचं चाचांनी ठरवलं. हात कापायला लागले होते, गुडघे धरले होते. चाची नको म्हणत होत्या. "भरल्या मांडवातून मानानं उतरू दे," चाचा म्हणाले. "फजिती घिऊन घरी न्हाई बसायचं मला." मलाही धडकी भरली होती, पण मी नेहमीसारखा नागपूरहून आलो. खलबत्ता वाजला आणि चाचांच्या बाहीतून माझं घड्याळ सर्वांसमोर खाली पडलं. चाचांचा चेहरा पाहवेना.

पुढच्या रांगेतल्या एक म्हाताऱ्या मावशी शांतपणे म्हणाल्या, "असू द्या, आबा. आमी समदी डोळं मिटतो, तुमी उचला. आन् तिकीटवाले भाऊ, तुमीबी मिटा."

सगळ्या मांडवाने डोळे मिटले. मीही मिटले, आणि आपण तीस वर्षं कुणालाच फसवलं नव्हतं हे मला तेव्हा उमगलं. थोड्या वेळाने मावशींचा आवाज आला, "हं, उघडा." चाचांनी पाव फोडला. घड्याळ आत होतं. टाळ्या थांबेनात. चकित व्हायचं मी साफ विसरलो, कारण मला रडू येत होतं.

परत येताना रिक्षात मी विचारलं, "चाचा, अशा हातांनी एवढ्या लवकर पावात कसं घातलंत?"



"मला काय ठावं, भाऊ," ते म्हणाले. "मला वाकता येईना. म्हून मीबी मिटलं व्हतं."