खांदशेकणीच्या दिवशी चोरलेली जोडी

अन्याय झाला तो आर्णी तालुक्यातल्या एका तांड्यावरच्या बाईवर. नवऱ्यामागे कोरडवाहू शेत एकटी कसणारी बाई. पोळ्याच्या आदल्या दिवशी, पहाटे, ती पाणी भरायला गेली तेवढ्यात तिची बैलजोडी गोठ्यातून गेली. दुसरा अन्याय त्याच सकाळी माझ्याच ठाण्यात झाला. ठाणे अंमलदार तिला म्हणाला, "चरत गेले असतील बाई. संध्याकाळी या." ही घटना मी अजून विसरलेलो नाही, आणि तिचा हा दुसरा भाग तर मुद्दाम विसरत नाही.

मी तेव्हा त्या ठाण्याचा तरुण प्रभारी होतो. नोकरीआधी पत्रकं लिहायचो, मुदतीआधी नोकरी सोडल्यावर पुन्हा तेच करतो. भाषा तिखट लागली तर लागू द्या.

कापसाची वाईट वर्षं होती. आमची जीप वस्तीत शिरली की बायका दारातच थबकायच्या. पोलीस येतात ते आत्महत्येच्या पंचनाम्याला, हे लोकांनी धरूनच ठेवलं होतं. सरकार म्हणून आमची तेवढीच ओळख उरली होती आणि याची लाज कोणालाच वाटत नव्हती.

बाई बाकावर बसून होती, उठायला तयार नव्हती. मी स्वतः तक्रार लिहायला घेतली.

"कागद कायले करता, साहेब," ती म्हणाली. "उद्या पोया हाय. साऱ्या तांड्याचे बैल तोरनाखाली उभे राह्यतीन. मी काय रिकामी दावण घेऊन जाऊ?"

"कागद केल्याशिवाय बैल मिळाले तरी तुमचे म्हणता येणार नाहीत, मावशी."

"मंग लिहा. पांढरे हायेत. डाव्याचं शिंग मोडकं हाय. अन् उजवा मायाशिवाय कोनाचं आयकत नाई."

गुन्हा नोंदवला. पण शोधायचं कुठं? त्याच महिन्यात आम्ही मोबाइलवर एक नवी सेवा वापरून पाहत होतो. एक संदेश पाठवला की गटातल्या सगळ्यांना जायचा, आणि कोणी उत्तर दिलं की तेही सगळ्यांना दिसायचं. आर्णी आणि महागाव तालुक्यांतले बरेच पोलीस पाटील मी गटात घेतले होते. आमचा जुना हवालदार याला 'साहेबाचं खेळणं' म्हणायचा, आणि त्याचं चुकत नव्हतं. आतापर्यंत गटावर रामराम, जयभीम, पावसाची चौकशी आणि एका पाटलाच्या भाच्यासाठी मुलगी पाहणं एवढंच चाललं होतं.

बैलांचं वर्णन पाठवलं. फोन टेबलावर थरथरायला लागला. "आमच्या नदीवर असे लई हायेत." "साहेब, आज सारेच बैल पांढरे दिसून राह्यले, धुतले ना." त्या दिवशी गावोगावचे बैल पाण्यावर होते. चोरानं दिवस बरोबर निवडला होता.

हवालदार म्हणाला, "झालं. आता पोळा फुटल्यावरच पाहू."

बाई मात्र वेगळ्याच काळजीत होती. "आज खांदशेकणी. त्यायचे खांदे कोन शेकन? आवतन कोन देईन त्यायले?"

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे पळसाच्या पानानं बैलाच्या खांद्याला तूप-हळद लावतात आणि म्हणतात, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. हे केल्याशिवाय शेतकरी जेवत नाही. मग माझ्या डोक्यात आलं: चोर बैल रस्त्यावर ठेवणार नाही, कोणाच्या तरी गोठ्यात ठेवेल. आणि तो गोठेवाला शेतकरी असेल, तर खांदे शेकल्याशिवाय त्याचा हात राहणार नाही. मी दुसरा संदेश पाठवला: "ज्याच्या दारी यंदा बैल नाहीत, असा कोणी आज खांदे शेकतो आहे का?"

दुपारनंतर महागावकडच्या एका पाटलाचं उत्तर आलं. "एक म्हातारा हाय. जोडी मागच्या साली इकली. आज बुढा-बुढी दोघंबी खांदे शेकून राह्यले. एकाचं शिंग मोडकं."

बाईला जीपमध्ये घेऊन निघालो. उत्तर सगळ्या गटाला गेलेलं, त्यामुळे आम्ही पोचलो तेव्हा आजूबाजूच्या गावांचे पाटील आधीच म्हाताऱ्याच्या अंगणात चहा पीत बसले होते. मधोमध एक तरणा गडी, म्हाताऱ्याचा पुतण्या. जनावरांचा दलाल. त्याला कोणी पकडलेलं नव्हतं. तो उठला की एकजण म्हणायचा, "बस ना बावा, घाई काय हाय? आनखी चहा येऊन राह्यला."

"काका, कोणाचे बैल?" मी म्हाताऱ्याला विचारलं.

"पुतन्याचे. दोन दिस ठेव म्हने."

"मग तुम्ही खांदे का शेकले?"

"दारात उभे हायेत ना, साहेब."

पुतण्या बोलण्यात तयार होता. जोडी स्वतःची, उन्हाळ्यापासून वखरतो, म्हणाला. मी आवाज चढवला नाही. खोटं बोलणाऱ्याला बोलू द्यावं, आणि मग काम करून दाखवायला सांगावं. जू मागवलं.

"जुंप बरं."

त्यानं मोडक्या शिंगाचा बैल उजवीकडे घेतला. बैल जागचा हलेना. ओढला तर मागे सरकला, आणि दुसऱ्यानं जूच झटकून दिलं. एक पाटील म्हणाला, "उन्हायापासून उलटाच वखरत होता काय रे?" अंगण हसलं. बाईनं आपल्या बंजारा लोकांच्या गोर बोलीत हाक मारली, तसे दोघं आपापल्या बाजूला येऊन उभे राहिले. पुतण्या खाली बसला आणि सगळं सांगून मोकळा झाला. बैल ज्यातून आणले तो टेम्पो कुणाचा तेही.

पंचनामा केला, पुतण्याला ताब्यात घेतलं. जनावर ठाण्यात बांधून ठेवता येत नाही. कायदा अशा वेळी बंधपत्रावर ताबा देऊ देतो. बाईला दिला.

म्हातारी ओट्यावर रडत होती. "मी त्यायले आवतन देल्लं. उद्या कोनाले जेवाले घालू?"

तांड्यावरची बाई तिच्याजवळ बसली. "आवतन तू देल्लं, तं घास बी तूच देजो. चाल मायासंगं."

पोळ्याच्या सकाळी भाड्यानं घेतलेला टेम्पो तांड्यात शिरला. पुढे बुढा-बुढी, मागे बैल, त्यामागे आमची जीप. त्या दिवशी दारात कोणी थबकलं नाही. हलगी वाजवत लोक सामोरे आले. मी गटावर "सापडले" एवढंच लिहिलं. उत्तरं येत गेली, फोन भरून गेला.

पुढे ती सेवा बंद पडली. या प्रकरणानं मला शिकवलं ते इतकंच: चोर फोननं पकडला नाही. आपल्या गावात कोणाच्या दारात बैल आहेत आणि कोणाच्या नाहीत, हे जाणणाऱ्या माणसानं पकडला. आज कितीतरी गावांत त्या माणसाची जागा भरलेलीच नाही आणि कोणी विचारत नाही. तुम्ही विचारा. तुमच्या गावचा पोलीस पाटील कोण, हे आज शोधा. पद रिकामं असेल तर उपविभागीय अधिकाऱ्याला लेखी विचारा, का रिकामं आहे. आणि उत्तर हातात पडेपर्यंत त्याच्या दारातून हलू नका.