मावशीचा तक्ता

माझी मावशी किती प्रेमळ होती, किती सेवाभावी होती, असं तिच्या माघारी जो तो सांगत सुटलाय. मला ते ऐकवत नाही. प्रेमळ होती, कबूल. पण ती डूख धरणारी बाई होती. एका माणसावर तिने महिनोन्महिने डूख धरला आणि भरल्या सभागृहात त्याला उभा सोलला. तेही आवाज न चढवता. 'सेवाभावी' म्हणे! हे असलं छापून येण्याआधी मीच लिहिते.

मावशी आधी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती. एकोणीस वर्षं खरखरीतून नावं आणि नंबर टिपायचे आणि वायरी जोडून द्यायच्या. नवी असताना एका बाईने हॉस्पिटलचं नाव अर्धंच सांगितलं, लाइन खराब होती, मावशीने उरलेलं नाव आपल्या मनाने लावलं आणि भलत्याच हॉस्पिटलला जोडून दिलं. त्या बाईचा नवरा दुसरीकडे होता. चूक निस्तरेपर्यंत तो गेला. ही गोष्ट मावशी मला आयुष्यात एकदाच बोलली. पण त्यानंतर तिने कधी कोणाचं वाक्य पुरं केलं नाही.

घरात या गोष्टीचा वैताग होता. मी "अगं ते दे ना, ते, ते…" करत चडफडायची आणि ही समोर कात्री हातात धरून शांत उभी. कळलेलं असायचं हो! पण मी 'कात्री' म्हणेपर्यंत देणार नाही. माझा नवरा म्हणायचा, "तुझ्या मावशीकडे जायचं तर घरून वाक्यं पाठ करून निघावं लागतं."

एक्स्चेंज बंद पडलं तेव्हा तिला सरांकडे काम मिळालं. सर म्हणजे मोठे भौतिकशास्त्रज्ञ. ताऱ्यांच्या पोटात काय चालतं ते गणिताने सांगायचे, जगभर नाव होतं. तिशीत त्यांना स्नायूंचं दुखणं लागलं. आधी पाय गेले, मग हात, आणि मावशी आली तेव्हा जिभेची पाळी होती. त्यांचं बोलणं ऐकून लोक समजल्यासारख्या माना डोलवायचे आणि बाहेर येऊन एकमेकांना विचारायचे, "काय म्हणाले?" मावशीने पहिल्याच दिवशी मान डोलवली नाही. "कळलं नाही. पुन्हा सांगा," म्हणाली. सरांनी सात वेळा सांगितलं. आठव्या वेळी तिला कळलं, खिडकी उघड. तिथून दोघांचं जमलं.

मीही सरांच्याच संस्थेत, तळमजल्यावर, ग्रंथालयाच्या टेबलावर बसायची. त्यामुळे पुढचं सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालेलं आहे.

सहा वर्षांनी आवाज पार गेला. बोलणारी यंत्रं तेव्हा आली नव्हती. मावशीने पुठ्ठ्यावर अक्षरांचा तक्ता केला. वर स्वर, खाली क-ख-ग-ची ओळ, तिच्याखाली च-छ-ज-ची, अशा उतरत्या ओळी. ती एकेका ओळीवर बोट ठेवत जायची. सरांचे डोळे वर गेले की 'हो', पापण्या मिटल्या की 'नाही'. ओळ ठरली की अक्षर, अक्षर ठरलं की काना, मात्रा, वेलांटी. एका वाक्याला दहा मिनिटं. एकदा त्या पद्धतीने पाव तास घालवून सरांनी तिला सांगितलं, 'तुझा चहा ही शिक्षा आहे.' दुसऱ्या अक्षरालाच तिला अंदाज आला असणार. पण ती शेवटच्या अक्षरापर्यंत बोट फिरवत राहिली आणि मग म्हणाली, "उद्यापासून तुमचा तुम्ही करा."

आता तो माणूस. सरांचाच विद्यार्थी, त्यांनीच हाताला धरून वर आणलेला, आता स्वतः प्राध्यापक. हुशार होता, नाही म्हणत नाही. पण दमधीर कशाशी खातात ते ठाऊक नव्हतं. सरांच्या खोलीत यायचा, तक्त्यावर अर्धा शब्द लागला की "समजलं, समजलं" म्हणत वाक्य स्वतःच पुरं करायचा आणि घड्याळ बघायचा. सरांच्या पापण्या मिटलेल्या असायच्या, नाही, नाही, आणि हा दारात. बारा वर्षांत त्याने तक्ता एकदाही हातात घेतला नव्हता. मावशीने त्याचं नाव 'समजलंसाहेब' ठेवलं. सरांना ते फार आवडलं.

एके दिवशी सकाळी सर त्याला एक नवं गणित सांगत होते. तारा कोसळताना आतला दाब किती वाढेल याचं. चार पायऱ्या होत्या. तिसरी पुरी व्हायला पावणेदोन तास लागले. तिसरी बघितली आणि समजलंसाहेबाचे डोळे लकाकले. "समजलं, समजलं!" कागद उचलले आणि चालू पडला. सरांनी डोळ्यांनी सांगितलं, थांबव. मावशी जिन्यापर्यंत धावली. "अहो साहेब, सरांचं संपलं नाहीये!" तो खालच्या पायरीवरून हात हलवत म्हणाला, "समजलं हो. उद्या बघू."

तो उद्या काही आला नाही. मावशी परतली आणि सरांनी तिला चौथी पायरी सांगितली. तिने वहीत तारीख घालून उतरवली. मग विचारलं, "त्यांना कळवू?" सरांनी डोळे मिटले.

सात आठवड्यांनी ते गणित छापून आलं. समजलंसाहेबाच्या एकट्याच्या नावावर. सरांचे आभारसुद्धा नाहीत. तो अंक टपालातून माझ्याच टेबलावर आला आणि मीच तो वर नेला. मावशीने सरांसमोर पानं धरली. सर बराच वेळ वाचत होते. मग त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि त्यांना ते पुसताही येईना. मावशीने पुसलं. त्या क्षणी तिचा चेहरा मी पाहिला आणि मनात म्हटलं, मेला आता हा समजलंसाहेब.

दुसऱ्या दिवशी ती वही घेऊन तडक संचालकांकडे गेली. चौथी पायरी तिने राखून ठेवली, पहिल्या तीनच दाखवल्या. "हे सरांचं आहे. ही तारीख बघा." संचालकांनी चौकशी समिती बसवली. आणि तिथे समजलंसाहेब काय म्हणाला? "वहीतलं अक्षर कोणाचं? बाईंचं. तक्त्यावर बोट कोणाचं? बाईंचं. सरांना आता कितपत सुचतं, देव जाणे. गेली दोन-तीन वर्षं बोलतायत त्या बाई, सर नव्हेत. एका टेलिफोनवालीच्या बोटावर आपण विज्ञान चालवायचं का?"

समितीने माना डोलवल्या. मावशीची बदली टपाल विभागात झाली. सरांकडे एक नवा माणूस ठेवला, त्याच्याकडे तीन चित्रांचं कार्ड होतं: पाणी, संडास, झोप. ज्या माणसाला ताऱ्यांवर बोलायचंय त्याच्यापुढे हा दिवसभर संडासाचं चित्र नाचवायचा! आठवड्याचे सहा दिवस सरांच्या तोंडाला कुलूप. सरांची बहीण सोबत राहायची, पण तिला मोतीबिंदू, तक्ता तिला जमेना. फक्त रविवारी मावशी त्यांच्या घरी जायची आणि दिवसभर बोट फिरवायची.

"सोडून दे गं," मी एकदा म्हटलं. "त्यांच्याशी भांडून आपल्याला काय मिळणार?"

तिने माझ्याकडे रोखून पाहिलं. "मला वाटेल ते म्हणू दे," ती म्हणाली. "पण जिवंत माणसाला मेलेला म्हणाला तो. त्याला मी सोडणार नाही. सर बोलतात हे त्यानेच सगळ्यांना सांगायचं, त्याच्या तोंडाने."

चार महिन्यांनी संधी चालून आली. त्या गणिताबद्दल समजलंसाहेबाचा मोठा सन्मान ठरला. सभागृह, बाहेरचे पाहुणे, अध्यक्ष म्हणून दुसऱ्या विद्यापीठातले एक वृद्ध गणिती. फोटोत गुरू दिसायला हवेत, म्हणून सरांना पहिल्या रांगेत आणायचा साहेबाचाच हट्ट. बहिणीने निरोप पाठवला, "दादा येईल. पण ती बाई आणेल तरच." साहेबाला वाटलं, येऊ दे, काय करणार आहे ती.

त्याने तासभर भाषण ठोकलं. तिन्ही पायऱ्या फळ्यावर मांडल्या. टाळ्या झाल्या. अध्यक्षांनी विचारलं, "कोणाला काही विचारायचंय?" सरांच्या खुर्चीमागून मावशी म्हणाली, "सरांना विचारायचंय."

साहेब हसला. "बाई, तुम्हाला विचारायचंय की सरांना?" पुढच्या दोन रांगा खिदळल्या.

मावशीने पिशवीतून तक्ता काढला, व्यासपीठाजवळ गेली आणि त्याच्या हातात ठेवला. "मी हात लावत नाही साहेब. तुम्हीच वाचा." मग ती मागे जाऊन भिंतीला टेकून उभी राहिली, दोन्ही हात समोर बांधून. सगळ्यांना दिसतील असे.

तो नाही म्हणणार कसा? खाली उतरला, सरांसमोर वाकला. बोट कसं फिरवायचं तेही त्याला येईना. मावशीने भिंतीपासूनच सांगितलं, "ओळीवर ठेवा. घाई करू नका." पहिलं अक्षर लागलं, च. साहेब लगेच सभेकडे वळला. "चमत्कार! सर म्हणतायत, चमत्कार!" टाळ्या पडल्या. अध्यक्ष शांतपणे म्हणाले, "त्यांचे डोळे मिटलेत."

मात्रा लागली. "चौफेर? चौफेर यश?" डोळे मिटलेले. आता मागून कोणीतरी फिस्सकन हसलं. तिसऱ्यांदा त्याने अंदाज केला नाही. थ. दीर्घ वेलांटी. चौथी. त्याच्या कपाळावर घाम आला. अख्ख्या सभागृहात फक्त त्याचा आवाज, आणि एकेक अक्षर त्यालाच मोठ्याने म्हणावं लागत होतं. सतरा मिनिटं लागली. मी घड्याळ लावून बसले होते, खोटं कशाला बोलू, फार मजा येत होती.

'चौथी पायरी कर.'

"चौथी पायरी नाहीच आहे," साहेब म्हणाला. पण वृद्ध अध्यक्ष उठून फळ्याजवळ गेले होते. तिसऱ्या पायरीत त्यांनी एका खऱ्याखुऱ्या मोठ्या ताऱ्याचे आकडे घातले आणि बराच वेळ खडू चालवत राहिले. शेवटी त्यांनी उत्तराखाली रेघ मारली. ताऱ्याचं वजन उणे आलं होतं. हलका नाही, शून्य नाही, उणे! हे मलासुद्धा कळलं. हीच होती चौथी पायरी: ती वाटच चुकीची आहे, आणि तेवढंच सांगायला सरांनी साहेबाला त्या दिवशी तिथपर्यंत नेलं होतं.

अध्यक्षांनी हात झाडले आणि सरांपुढे जाऊन उभे राहिले. "हे तुम्हाला आधीपासून माहीत होतं?" सरांचे डोळे वर गेले. त्या उत्तराला ना मावशीचं बोट लागलं, ना मावशीचा तक्ता. समितीतले पाचही जण खाली बघत होते.

तक्ता त्याच्याच हातात द्यायची अक्कल मावशीची. नंतर सरांच्या बहिणीने मला सांगितलं, रविवारी सरांनी विचारलं होतं, 'कोण धरेल?' आणि ही म्हणाली होती, "तोच." सर इतके हसले की मान सावरायला बहिणीला धावावं लागलं.

मावशी परत वर आली, कार्डवाला टपालात गेला. आठवड्याभराने मी पुस्तकं द्यायला सरांच्या खोलीत गेले होते, तेव्हा साहेब आला. चेहरा उतरलेला. दारातच उभा राहून म्हणाला, "सर, माझं चुकलं. तुम्ही मला तेव्हाच थांबवायला…" आणि त्याने मान खाली घातली. मला, खरं सांगते, किंचित वाईट वाटलं.

मावशीने तक्ता उचलला. स. म. साहेब आशेने पुढे आला. "समेट? सर, समेट?" पापण्या मिटल्या. मावशीला केव्हाच कळलं होतं, मलाही कळलं होतं, पण तिने घाई केली नाही. बोट ओळीओळीने खाली आणलं. ज. मग ल. मग अनुस्वार.

"समजलं," तिने वाचून दाखवलं, आणि उठून दार लावून घेतलं.