गफूरचा हात हलका होता

दुखवट्याच्या सभेत मी तिसऱ्या रांगेत बसलो होतो. आमच्या फ्लाइंग क्लबाचे चिटणीस उठले, उपरण्यानं डोळे टिपले आणि म्हणाले, "गफूर मोठा गुणी वैमानिक, पण अतिआत्मविश्वास नडला हो." डोंबलाचा अतिआत्मविश्वास! तिथल्या तिथे उठावं आणि त्यांच्या हातातला हार हिसकून घ्यावा असं वाटलं. उठलो नाही. मुकाट ऐकून घेतलं, सगळ्यांबरोबर दोन मिनिटं उभा राहिलो आणि घरी आलो. दुसऱ्या दिवशी पेपरात चार ओळी छापून आल्या, 'कसरतीच्या हव्यासात वैमानिकाचा अंत'. लिहिणाऱ्यानं गफूरला एकदा तरी उडताना पाहिलं होतं का? त्या गोष्टीला आता महिना होत आला. मी त्या क्लबाचा मिस्त्री. विमानाचं इंजिन, तारा, कापड सगळं माझ्या हातचं. लेखक नव्हे, मराठी सातवी पास माणूस. त्याच पेपराच्या पुरवणीच्या संपादकांना एवढंच सांगितलंय की भाषा हवी तेवढी सुधारा, पण यातली एकही गोष्ट गाळू नका.

गफूर आणि मी दोघे भिंगारचे. त्याचे अब्बा टांगा हाकायचे, स्टेशन ते भिंगार. दिवस भरलेली बाई दवाखान्यात न्यायची असली की लोक दुसरे दोन टांगे सोडून त्यांच्या टांग्यासाठी खोळंबून राहायचे, कारण त्यांच्या टांग्यात पोटातलं पाणी हलत नसे. लगाम कधी ओढायचे नाहीत, नुसता धरून ठेवायचे. "घोड्याला लगाम कळायच्या आधी आपला हात कळला पायजे," असं काहीतरी अवघड बोलायचे ते... आम्हाला तेव्हा हसू यायचं. गफूरनं मात्र ते पक्कं धरलं होतं. लढाईच्या वर्षांत तो उडायला शिकला आणि मी फिटरकाम शिकलो. लढाई संपल्यावर शहरातल्या बड्या मंडळींनी लष्कराचं एक जुनं विमान घेतलं, केडगावच्या पुढच्या माळावर पत्र्याची शेड उभी केली आणि आम्हा दोघांना तिथे नेमलं. दोन पंखांचं, कापड मढवलेलं, पुढे-मागे दोन उघड्या बैठका असलेलं ते विमान. चालवणारा मागे, शिकाऊ पुढे. दोन्ही बैठकांत पायांच्या मधोमध एकेक दांडा, एक हलला की दुसराही हलतो.

कसरत म्हणजे धांगडधिंगा असं लोकांना वाटतं. विमान गरागरा फिरलं, बायका किंचाळल्या, झाली कसरत! पहिल्यांदा मलाही तसंच वाटायचं. एकदा गफूर म्हणाला, "बापू, तुझा ओळंबा घेऊन बस पुढं." गवंड्याकडे असतो तसला शिशाचा लहान ओळंबा माझ्याकडे होता, पंख नीट बसलेत का ते बघायला. त्यानं तो माझ्यासमोरच्या फळीला दोऱ्यानं टांगला. वर गेल्यावर त्यानं नाक जरासं खाली घालून वेग घेतला, मग नाक उचललं आणि विमान हळूहळू कुशीवर, कुशीवरून पार उलटं, आणि पुन्हा सरळ, एखाद्या भल्यामोठ्या पिंपाच्या आतल्या अंगानं फिरवावं तसं फिरवलं. चांदबिबीचा महाल माझ्या डोक्यावर आला, रेल्वेचे रूळ आभाळात गेले, आणि ओळंबा? ओळंबा आपला सरळ माझ्या मांडीकडे तोंड करून लटकलेला! दोरा बोटभरसुद्धा हलला नाही. इंजिनही ठसकलं नाही. आमच्या विमानात पेट्रोल वरच्या टाकीतून नुसत्या उतारानं येतं, धसमुसळ्या हातानं उलटं केलं की इंजिन ठसका लागल्यासारखं थांबतं. गफूरच्या हाती ते कधी तसं थांबलं नाही. खाली उतरलो तर हा लेकाचा विचारतो कसा, "हालला का रं?" तेव्हापासून पुढे कुणी बसणार असलं की तो ओळंबा तिथे टांगलेला असायचा.

विमानाच्या पंखांमध्ये ताणलेल्या तारांना मी रोज टिचकी मारून बघायचो. बाकीच्यांनी उडवलं की दोन-चार तारा हमखास ढिल्या पडायच्या. गफूरनं तासभर उलटंपालटं केलं तरी प्रत्येक तार सकाळी वाजायची तशीच वाजायची. ही मिस्त्रीची साक्ष आहे, ऐकीव गोष्ट नाही. असल्या माणसाला अतिआत्मविश्वासी म्हणताय?

आणि त्याचा डबा. शेडच्या खिडकीत बिस्किटाचा एक पत्र्याचा डबा असायचा. उडण्याआधी खिसे त्यात रिकामे करायचे, कुणीही असो. एकदा एका बड्या पाहुण्यानं तपकिरीची डबी द्यायला नकार दिला, म्हणाले, "माझ्या डबीनं काय होतंय?" गफूर इंजिन बंद करून खाली उतरला आणि पंखाच्या सावलीत बसून राहिला, डबी मिळेपर्यंत. दुसऱ्या एका वेळी शिकाऊ पोराची पेन्सिल पडली. ती शोधायला आम्ही पायाखालच्या फळ्या उचकल्या, दुपार झाली, आणि पेन्सिल निघाली तेव्हाच विमान बाहेर आलं. मी कुरकुरलो तर म्हणाला, "लई घाई तुला. ती पेन्शिल दांड्याखाली आडकली मंग काय तुझा बा येनार हाय वर, काढायला?"

आता खंडेनवमीचं सांगतो. त्या दिवशी हत्यारांची पूजा, तशी आमच्याकडे पाने-पकडी, ओळंबा आणि विमान यांची. दरवर्षी पुढच्या बैठकीत नारळ ठेवायचा, विमानाच्या नाकाला झेंडूची माळ घालायची. आणि दरवर्षी उडायच्या आधी गफूर मोठ्यानं ओरडायचा, "बापू, तुझा देव उतरव रं! त्याला चक्कर येईल." सगळे हसायचे. मी नारळ उतरवायचो आणि संध्याकाळी फोडला की पहिला तुकडा गफूरचा.

या वर्षी कुणी हसायच्या मनःस्थितीत नव्हतं. फाळणीला वर्ष उलटलं होतं, निजामाच्या हद्दीतली गडबड नुकती शमली होती, आणि ज्यांना गफूरनं पोरासारखं शिकवलं तेच त्याला विचारायचे, "मग, तुम्ही कधी निघणार?" निघणार! भिंगार सोडून हा कुठे निघणार होता? त्या दिवशी चिटणिसांनी पाहुणे बोलावले होते. स्वतः पूजा केली, नारळ स्वतःच्या हातानं पुढच्या बैठकीत ठेवला. मागे कुणीतरी बोललं, "पूजेच्या विमानात आता हा चढणार व्हय?" मी ऐकलं. गफूरनंही ऐकलं.

त्यानं डब्यात खिसे रिकामे केले. विमानाशी आला, पुढच्या बैठकीकडे हात नेला... आणि मागे घेतला. माझ्याकडे बघितलं. हळूच म्हणाला, "बापू, नारळ..." चिटणीस पलीकडून म्हणाले, "राहू द्या, राहू द्या! देवाचा आहे, शुभ असतं." तपकिरीच्या डबीसाठी खाली उतरून बसणारा माणूस पूजेच्या नारळाला हात लावू शकला नाही, कारण तो हात त्याचा होता. माझ्या हाताला कुणी अडवलं नसतं. मी तो नारळ उचलला असता तर कुणी ब्र काढला नसता. पण चिटणिसांची नजर, पाहुणे, नोकरी... माझी शेळी झाली.

"बांध तरी त्याला," गफूर म्हणाला. मी बैठकीचा पट्टा नारळाभोवती आवळला, लहान लेकराला बांधावं तसा. गोल वस्तूला पट्टा धरत नाही, हे फिटरकाम शिकणाऱ्या पहिल्या दिवसाच्या पोरालाही कळतं. मला कळत होतं. तरी मी त्याला म्हणालो, "बांधलाय. हलत नाही. जा." आणि तो गेला, माझ्या शब्दावर.

वर त्यानं ते पिंपातलं फिरणं दोनदा दाखवलं, मग एक मोठा गोल वळसा. नारळ जागचा हलला नसणार, कारण गफूरच्या हातात काही हलतच नसे. शेवटी चिटणिसांनी कार्यक्रमात लिहून दिलेली गिरकी. गिरकीत मात्र कितीही हलका हात असला तरी विमान एका बाजूला कलंडून, झोके खात खाली येतं. तीन फेरे झाले की दांडा पुढे लोटायचा, विमान सरळ होतं. त्यानं माझ्यासमोर ते शेकडो वेळा केलंय. मी फेरे मोजत होतो. तीन झाले. चार झाले. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. पाचव्याला मी धावत सुटलो.

ज्वारीच्या वावरात मी पहिला पोचलो. गफूर गेलेला होता. पुढच्या बैठकीत दांडा आणि समोरची फळी यांच्या मधोमध तो नारळ पाचर मारल्यासारखा बसला होता, हळदकुंकवासकट. दांडा पुढे जाणारच कसा? मी दोन्ही हातांनी ओढून काढला. तेवढ्यात चिटणीस धापा टाकत आले, नारळाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. म्हणाले, "मिस्त्री, दिवस बरे नाहीत. पूजेच्या नारळानं माणूस गेला म्हटलं तर कुठल्या कुठे जाईल गोष्ट." आणि शिपायाला सांगून नारळ सीना नदीत सोडला. निर्माल्य म्हणून! चौकशीला साहेब आले, त्यांनी मला सरळ विचारलं, "विमानात सुटं काही सापडलं?" मी म्हणालो, "नाही." त्यांनी लिहून नेलं, वैमानिकाची चूक. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि फाशीचा दोर वळणारा मी.

तिसऱ्या दिवशी गफूरच्या घरी मुमताजभाभींकडे गेलो होतो. नवरा गेल्यावर पाळायच्या इद्दतीत आहेत, पडद्याआडूनच बोलल्या. "भाऊ, लोक म्हनत्यात आमच्या मानसानं मस्ती केली. खरं हाय का?" मी म्हणालो, नशीब. थू त्या तोंडावर! नशीब म्हणे. गेल्या आठवड्यात पुन्हा गेलो आणि सगळं सांगितलं, त्यानं हात मागे घेतल्यापासून नारळापर्यंत. मग त्या म्हणाल्या, "पट्टा तुमी बांधला हुता?" म्हटलं, होय. "आन त्यांना जा म्हनलात?" होय. "मंग हे मला घरात येऊन सांगू नका. जितं त्यांची मस्ती छापली तितं छापा."

म्हणून हे छापायला दिलं. चिटणिसांना मी काल सांगून आलो. ते म्हणाले, नोकरीवर यायची गरज नाही. बरं झालं, तो दरवाजा त्यांनीच लावला. चौकशीच्या साहेबांनाही पत्र टाकलंय. चिटणिसांवर माझा राग आहे, तो जाणार नाही. मागे पुटपुटणाऱ्यावर आहे. गफूरवरसुद्धा आहे... लेका, एकदा ओरडायचं होतंस, नेहमीसारखं! पण या सगळ्यांच्या आधी माझा नंबर लागतो.

हत्यारं आणायला शेडमध्ये गेलो तेव्हा डबा खिडकीतच होता. त्या दिवसापासून कुणी हात लावला नव्हता. उघडला. कंगवा, जपाची तसबी, आखूड शिसपेन्सिल, लेकीच्या केसांतली एक पिन, दोन लवंगा, आणि दोरा नीट गुंडाळलेला माझा ओळंबा. पुढे कुणी बसणार नव्हतं म्हणून तोही त्यानं काढून ठेवला होता. दोन लवंगासुद्धा त्यानं वर नेल्या नाहीत. मी बांधून दिला होता तेवढा नारळ नेला.