दानवांची बाजू

आणीबाणीच्या आदल्या वर्षी मी शेलूबाजारला मास्तर म्हणून लागलो. शनिवारी सकाळची शाळा सुटली की आम्ही चौघे मास्तर चित्रकलेच्या मास्तरांच्या ओसरीवर जमायचो. त्यांनी आपला नेहमीचा वाघ-बकरीचा डाव एका फळीवर नव्यानं रंगवला होता. वाघांच्या जागी तीन पिवळे देव, बकऱ्यांच्या जागी पंधरा काळे दानव. देवानं दानवावरून उडी मारून पलीकडचं रिकामं घर गाठलं की दानव मेला. दानवांनी देवांना असं कोंडायचं, की त्यांना हलायला घरच उरू नये.

पहिल्याच दिवशी मी पिवळ्या सोंगट्यांकडे हात नेला, तर गणिताच्या मास्तरांनी माझं मनगट धरलं. ते जवळच्याच गावचे, मोठ्या शेतीवाल्या घरातले.

"तुमी तं देवच मानत नाही. मंग देव कायले पायजेत तुमाले? तुमी काळे घ्या."

आमच्या घरानं धम्म स्वीकारला तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. वडिलांनी कोनाड्यातले देव टोपलीत घालून नदीत सोडले, ते मी पाहिलं होतं. गणिताचे मास्तर बोलले त्यात खोटं काहीच नव्हतं. मी काळे घेतले.

मग त्यांनी नियम काढला. "हारन त्यानं जितनाऱ्याच्या पाया पडाचं. नियम म्हंजे नियम."

मी हरलो आणि वाकलो. बाकीचे दोघे हसत होते. ते मात्र हसले नाहीत. माझ्या डोक्यावर हात ठेवून गंभीरपणे म्हणाले, "सुखी राहा." घरी येऊन मी डोक्यावरून पाणी घेतलं, तरी तो हात काही जाईना.

बायकोला सगळं सांगितलं. तिनं खडूनं जमिनीवर डाव आखला, पंधरा चिंचोके माझ्यापुढे सारले आणि तीन खडे स्वतःकडे घेतले. "देव माह्याकडं. शिका," ती म्हणाली. ती दयामाया न करता खेळायची. रोज संध्याकाळी मला मारून मारून तिनं शिकवलं, की दानवाच्या मागचं घर कधी उघडं ठेवायचं नाही, घाई करायची नाही, आणि वेळ आली तर दोन दानव आपल्या हातानं मरू द्यायचे. दोन महिन्यांत मी तिला हरवायला लागलो.

ओसरीवर मात्र मी हरतच राहिलो. मुद्दाम. दर शनिवारी वाकायचो, "सुखी राहा" ऐकून घ्यायचो. त्यांना सवय लागू दिली.

एका शनिवारी हेडमास्तर डाव पाहायला आले. मी ठरवलं, आज.

सुरुवातीला मी दोन दानव दिले. गणिताचे मास्तर हेडमास्तरांकडे पाहून म्हणाले, "पाहा, यायले मांगचं घर दिसतच नाही." त्या दोन उड्यांत त्यांचे दोन देव एकाच कोपऱ्यात येऊन बसले होते. मी तो कोपरा बंद केला. उरलेला देव फळीभर पळत राहिला. शेवटी तोही अडला. त्यांचा हात सोंगटीवर होता आणि सोंगटीला घर नव्हतं.

मी पाय पुढे केले.

"दानवाच्या पाया कोन पडते?" म्हणत ते उठले, चपला शोधू लागले.

चित्रकलेचे मास्तर ओसरीच्या पायरीवर आडवे उभे राहिले. "नियम तुमचाच होता, मास्तर."

हेडमास्तर पाहत होते. गणिताच्या मास्तरांनी वाकून दोन बोटं माझ्या पायाला लावली.

"नीट," मी म्हणालो. "दोनी हातानं."

त्यांनी दोन्ही हात लावले. मी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. आशीर्वाद दिला नाही.

ते पुन्हा ओसरीवर आले नाहीत. शाळेत हजेरीपटापुरतं बोलायचे. पुढे त्यांची बदली झाली, निरोपाच्या चहालाही मी गेलो नाही. सूड घेतल्यावर मन रितं होतं म्हणतात. माझं मन त्या संध्याकाळी भरलेलं होतं. घरी येताना वाटेत मी एकटाच हसत होतो, आणि भूकही सपाटून लागली होती.