वन्संच्या हातच्या कुरडया

शेजारी गव्हाचा चीक शिजायला लागला की त्या वासानं मला अजून हसू येतं. दहा उन्हाळे नणंद आमच्या माले गावी माहेरी यायची आणि मी खुळी “व्हय वन्सं” म्हणत राबायची. आतून डोकं नुसतं धुमसायचं. दोन हजार तीनच्या मेमध्ये चीक ढवळताना त्या म्हणाल्या, “वैनी, हात लई हळू चालतोय.” मी दांडकं त्यांच्याच हातात दिलं.

“कुटं निघाल्या?”

“डोस्कं थंड करायला.”

मी रानात जाऊन करवंदं खाऊन आंब्याखाली गाढ झोपले. परतले तर चिकात गुठळ्याच गुठळ्या. त्याच्या कुरडया मी वेगळ्या डब्यात जपल्या. दिवाळीला वन्संच्याच ताटात वाढल्या.

“वैनी, लई टणक हायेत.”

“तुमच्याच हातच्या हायेत, वन्सं.”