लाइन नसताना वाजलेली चक्की

लाखनीत बातमी फिरत होती, की रत्नमालाकाकूंच्या आटाचक्कीत खिळा गेला आहे. गहू घेऊन गेलेल्या बायका दारातूनच परतायच्या, कारण आतून लोखंडावर लोखंड घासल्यासारखा आवाज यायचा. माझी आईसुद्धा म्हणाली, "रीना, तिकडे नको जाऊ, पिठात लोखंड येते."

खिळा वगैरे काही नव्हता. तो आवाज गिटारचा होता.

काकूंच्या भाच्यानं, संघपालनं, त्यांना चार्जिंगचा स्पीकर दिला आणि मोबाइलवर गाणी शोधायला शिकवलं. दुसऱ्या कुणी भीमगीतं लावली असती, नाहीतर जुनी हिंदी. काकू शोधत शोधत जॅझ, रॉक आणि हिप-हॉपच्या पार रानात शिरल्या. ज्यांत ताल आणि चाल उलटीपालटी करून पाहिली आहे, असलेच अल्बम त्यांना आवडतात. तेही पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत, मध्ये उडी न मारता.

"काहून वो काकू?" मी विचारलं.

"चक्की दिवसभर एकच गाणं म्हणते, पोरी. पुढं काय येणार ते मले माहीत राह्यते. याच्यात नाही राहत."

ऐकताना त्या पिठानं पांढरी झालेली एक भुवई वर करतात आणि निकाल सांगतात. रॅप लागलं की, "हा बाबू सकाळपासून हापिसात उभा आहे. साहेब जेवाले गेला. आता बडबडंल नाही तं काय करंल?" घासणाऱ्या गिटारवर, "बंडीच्या आखाले तेल नाही, पण बैल मस्तीत आहे." त्यांची ही नक्कल म्हणजे शाळेतला माझा सगळ्यात गाजलेला आयटम.

गिऱ्हाईक मात्र आटलं. काकूंचे यजमान केशवराव एसटीतले निवृत्त कंडक्टर; रिकामी गाडी त्यांना बघवत नाही. त्यांनी सांगून टाकलं, "गिऱ्हाइकानं एक तरी अल्बम पुरा आयकला, तं ठेव. नाही तं पोळ्यानंतर स्पीकर विहाराले देऊन टाकतो."

त्या दिवशी काकूंच्या हातून पीठ जाड पडलं.

"कोणी नाही आयकत," मी म्हटलं. "लावा शर्यत. हारली तं वर्षभर तुमची नक्कल नाही करत."

"शाळेतही नाही?"

"शाळेतही नाही."

पोळ्याच्या आदल्या दिवशी दुसऱ्या चक्कीवर रांग सडकेपर्यंत गेली, म्हणून नाइलाजानं पाच-सहा बायका काकूंकडे आल्या. डबे ओळीत लागले, त्यात आमचाही, आणि लाइन गेली, बल्ब विझला. लागलेला नंबर सोडून कोण जाणार? सगळ्या पोत्यांवर बसल्या. काकूंनी स्पीकर सुरू केला. जॅझ. एक सॅक्सोफोन, एक ड्रम.

गोदावरीबाई दचकल्या. "रत्नमाला वो, लाइन नाही अन् चक्की कशी फिरून राहिली?"

"फिरून नाही राहिली. हे वाजून राहिलं."

गोदावरीबाईंनी उठून चक्कीच्या पट्ट्याला हात लावला. पट्टा जागचा हलत नव्हता. खिळ्याची बातमी तिथंच मेली.

"पण हे भांडून राहिले ना कोणी?" कौशल्याबाई कान देऊन म्हणाल्या.

"हो," काकू म्हणाल्या. "भोंगा सून आहे. ढोल तिचा नवरा."

"नवरा एवढं उलटून बोलते का? सासू असंल."

यावर चर्चा झाली आणि ढोल सासू ठरला. निम्म्या बायका सुनेकडे, निम्म्या सासूकडे. आता माझी शर्यत धोक्यात आली. आमच्या गल्लीत भांडण अर्धवट टाकून उठलेली बाई मी अजून पाहिलेली नाही.

"काकू, दुसरं लावा ना," मी म्हणाले.

"चूप बैस," गोदावरीबाई म्हणाल्या. "सासूचं आता कुठं रंगात आलं."

तेवढ्यात बल्ब लागला. आता चक्कीच्या आवाजात गाणं बुडणार होतं. कोपऱ्यात बसलेले केशवराव चक्की सुरू करायला उठले.

"थांबा जी," गोदावरीबाईंनी हात आडवा केला. "सुनेचं म्हणणं पुरं होऊ द्या."

केशवराव, हात बटणावर, उभेच राहिले. सॅक्सोफोननं एक लांब सूर काढला, तो बारीक होत होत संपला. अल्बमही संपला.

"हारली का जिंकली?" कौशल्याबाईंनी विचारलं.

"माहेरी गेली," काकू म्हणाल्या.

केशवरावांनी स्पीकर उचलून वजनकाट्यावरच्या फळीवर नीट ठेवला आणि कंडक्टरच्या सवयीनं दोनदा डबा वाजवला. चक्की सुरू झाली.

काकूंनी माझ्याकडे पाहून भुवई वर केली. माझीही आपोआप वर निघाली होती. ती बोटानं दाबून धरली आणि नंबरची वाट बघत बसले. वर्षभर नक्कल बंद. लिहायचं नाही, असं मात्र ठरलं नव्हतं.