आधी हात, मग पाय

मुलांनो, परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही आबांना चित्र दाखवलंत आणि ते "छान" म्हणाले. त्यांना ते दिसलं नव्हतं. दोन वर्षांपासून त्यांची समोरची नजर कमी होत गेली आहे, फक्त कडेचं थोडं दिसतं. तुम्हाला सांगायला त्यांनी आता हो म्हटलं, म्हणून मी, तुमची आजी, लिहिते.

आबा आणि त्यांचे अकोल्याचे एक मित्र कॉलेजच्या संघात सलामीला खेळायचे. तेव्हापासूनचा रिवाज असा की कसोटी संघ जाहीर होण्याआधी दोघांनी आपापले अकरा खेळाडू कागदावर लिहायचे, ते एकमेकांना वाचून दाखवायचे आणि मग भांडायचं. मित्रांना टोलेबाज चालतात. ज्याचा पुढचा पाय चेंडूपर्यंत जात नाही, तो आबांना संघात नको असतो.

नजरेचं आबांनी मित्रांपासून लपवलं. "त्याले समजलं तर तो भांडनार नाही," ते मला म्हणाले. "मी म्हणतो तेच खरं म्हणून मोकळा होईल."

म्हणून मी टीव्हीपाशी खुर्ची ओढून बसू लागले. समालोचन आबांना खपत नाही, त्यामुळे आवाज बंद. मला खेळातलं फार कळत नव्हतं, पण शाळेत इंग्रजी शिकवताना दिसेल ते नेमकं सांगायची सवय लागली होती. कोणता पाय हलला, बॅट सरळ आली की तिरकी, एवढं मी सांगायचे. त्यावरून आबा मत बनवायचे आणि अकोल्याला ऐकवायचे.

या हिवाळ्यात कोणी जखमी झाला म्हणून ऐनवेळी एका नव्या फलंदाजाला घेतलं. आबांनी विचारलं, "डावा पाय पुढे जाते का?"

मी नीट पाहिलं. "नाही. जागचा हलत नाही."

उपाहाराला अकोल्याचा फोन आला. मी स्पीकर लावला.

"काढा त्या नव्याले," आबा म्हणाले. "डावा पाय खुंट्याले बांधल्यासारखा आहे."

मित्र म्हणाले, "अबे, तो डावखुरा आहे. डावा त्याचा मागचा पाय. उजवा पाय कसा लांब टाकून राहिला, पाह्यलं नाही का? मॅच पाहून राहिला का झोपून राहिला?"

मीच मध्ये म्हटलं, "भाऊजी, चूक माझी. तो डाव्या हाताने खेळतो हे मी सांगितलंच नाही." मग आबांच्या नजरेचंही सांगावं लागलं.

"काहून लपवलं बे?"

"आता तू माह्या हो ले हो करशीन."

"डोळे होते तवा तरी तुले बॅटिंग कुठं समजत होती?"

आबांनी खुर्ची फोनजवळ घेतली. "पाय जाऊ दे. बॅट तिरकी येते त्याची. विचार हिले."

उपाहार संपून खेळ सुरू झाला तरी दोघे त्या फलंदाजावर भांडत होते. फोन ठेवण्याआधी मित्र मला म्हणाले, "वहिनी, आधी हात सांगत जा, मग पाय." मी ते वहीत लिहून ठेवलं. तुम्हीही चित्र दाखवताना त्यात काय काढलंय ते सांगत जा.

पुढच्या मालिकेसाठी मित्रांनी आपल्या कागदावर त्या डावखुऱ्यालाच घेतलं, आबांनी वगळलं. आबांचा कागद आता माझ्या अक्षरात असतो. त्यांची कडेची नजर थोडी उरली आहे. अकोल्याशी भांडण पूर्वीसारखंच चालू आहे.